एसी सर्व्हिसिंग, सात माणसे, सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. कुठले सॉफ्टवेअर घेऊ?

आउटडोअर_युनिट:
नमस्कार मंडळी. फोंड्यात आमचे एसी दुरुस्तीचे छोटे ऑफिस आहे. पाच टेक्निशियन, हिशेबाला एक ताई आणि फोन घ्यायला मी. कामे पेडण्यापासून काणकोणपर्यंत. तक्रार आली की मी ग्रुपवर टाकतो, जो मोकळा असेल तो अंगठा दाखवतो. पण त्याच ग्रुपवर सुप्रभात, चवथीच्या माटोळीचे फोटो आणि कुणाच्या तरी भाच्याचा नाच. गेल्या महिन्यात कळंगुटच्या एका गेस्ट हाऊसच्या तक्रारीला दोघांनी अंगठा दाखवला आणि गेले कुणीच नाही. गिऱ्हाईक तुटले.
आता एक विक्रेता मागे लागलाय. माणशी महिना ४५० रुपये, वर्षाचे आगाऊ, म्हणजे सात जणांचे ३७,८००. हजेरी, बिल, माणूस नकाशावर कुठे आहे, सगळे दिसते म्हणतो. घेऊ? की ट्रेलो, नोशन असले कामांची नोंद ठेवणारे फुकटातले ॲप चालेल?

पाटो_तिसरा_मजला:
नोशन नको. मी रोज वापरतो, आवडतेही, पण ते टेबलाशी बसणाऱ्यांचे. शिडीवर चढलेला माणूस घामेजल्या बोटाने त्यात काय शोधणार?
ट्रेलो बघा. चार रकाने करा: आली, दिली, पार्टसाठी अडकली, झाली. एका तक्रारीचे एक कार्ड, ते या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचे. तिसरा रकाना विसरू नका, खरी कामे तिथेच कुजतात. फुकटच्या प्लॅनमध्ये १० जण बसतात, म्हणजे तुमचे भागेल. मात्र एका कार्डावर एकच नाव. दोन नावे टाकलीत की पुन्हा कळंगुट.

खातेवही:
घाई करू नका. आम्ही (मडगाव, पाण्याचे फिल्टर) असेच एक घेतले होते. नाव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पैसे भरायला आठवडा उशीर झाला तर लॉगिन बंद. चारशे गिऱ्हाइकांची यादी मागितली तर प्रत्येकाची वेगळी पीडीएफ हातात. ती परत टाइप करण्यात सबंध पावसाळा गेला. म्हणून विक्रेत्याला आधी विचारा, माझी सगळी यादी एका एक्सेल फाइलमध्ये मला मिळेल का? आणि ते समोर बसवून करून दाखवायला लावा, तोंडी हो म्हणणे सोपे असते.
आम्ही आता गूगल शीटवर आहोत. एका ओळीत एक तक्रार, नाव निवडायला ड्रॉपडाउन, आणि स्थिती बदलायचा रकाना सोडून बाकी सगळे टेक्निशियनना कुलूपबंद. कुणी गोंधळ घातलाच तर जुनी आवृत्ती परत आणता येते. शीटमध्ये हव्या तेवढ्याच ओळी बघायला फिल्टर लावताना 'फिल्टर व्ह्यू' वापरा, नाहीतर एकाने लावलेला फिल्टर सगळ्यांच्या पडद्यावर लागतो आणि ओळी गायब झाल्या म्हणून बोंब उठते.
वार्षिक करारवाल्यांचे वेगळे पान करा. शेवटच्या सर्व्हिसच्या तारखेत १२० दिवस मिळवले की पुढची तारीख येते, ती उलटली की लाल. तुमच्या धंद्यात किनाऱ्यावरच्यांना मी ९० धरले असते. खाऱ्या हवेत कॉइल लवकर सडते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटची_फेरी:
शीट चांगली, पण करमल घाटात माझी रेंज जाते ती काणकोण येईपर्यंत परतत नाही. गूगल फॉर्म तर नेटशिवाय चालतच नाही. त्यासाठी ॲपशीट बघा. तुमच्या शीटवरच छोटे ॲप बसते, नेट नसताना भरलेले फोनमध्ये राहते आणि रेंज आली की वर चढते. १० जणांपर्यंत फुकटात चाचणी होते. युनिटच्या सिरियल नंबरचा फोटोही त्यातूनच घ्या. फक्त गूगलची १५ जीबी जागा ईमेल, फोटो, ड्राइव्ह सगळ्यांत मिळून असते, तेव्हा ऑफिसचे खाते वेगळे काढा.

आउटडोअर_युनिट:
आमचे दोन टेक्निशियन पन्नाशीचे. टाइप म्हटले की चष्मा शोधतात.

शेवटची_फेरी:
टाइप करायचेच नाही. 'झाले', 'पार्ट हवा', 'घर बंद' अशी मोठी बटणे, तीही मराठीत. आमच्याकडे 'पार्ट ना' असे कोंकणीतच लिहिलेय.

पाटो_तिसरा_मजला:
आणि ते नकाशावर माणूस दिसण्याचे, टेक्निशियनना विचारलेत का? दुपारी दीडला तो घरी जेवायला गेला तर तुम्ही फोन करणार, आणि चार दिवसांनी तो फोन गाडीत विसरायला लागणार.

खातेवही:
+१. शिवाय नवे काही चालू करायचे तर आत्ताच. ऑक्टोबरात हॉटेलवाल्यांचे फोन सुरू झाले की तुम्हाला जेवायलाही फुरसत नसेल.

आउटडोअर_युनिट:
देव बरें करूं सगळ्यांचे. विक्रेत्याला एक्सेलचे विचारले, 'वरिष्ठांशी बोलून सांगतो' म्हणाला, अजून सांगतोय. तोवर शीट केली. ग्रुप ठेवलाय, पण तक्रार तिथे टाकायची नाही. पहिल्या दिवशी १४ ओळी. संध्याकाळी एकच उरली, तिच्यापुढे नाव माझे.