विंच आणि डॅशवरचे चार स्विच: वायरिंगचा आराखडा तपासून हवा आहे

चिखलचाकं:
गाडी दोन सीटची साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी सीटची ऑफ-रोड गाडी), बॅटरी सीटखाली. पुढे ४५०० पौंडी (साधारण २०४० किलो) विंच, म्हणजे मोटरने दोरी गुंडाळून ओढणारा ड्रम, बसवायची आहे. डॅशवर चार स्विच: १२० वॉटचा लाइट बार, मागे १८ वॉटचे दोन दिवे, हॉर्न आणि विंचचं आत-बाहेर. विंचसोबत कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा करंट जोडणारा आणि दिशा बदलणारा, कॉइलने ओढला जाणारा स्विच), १६ चौरस मिमी वायरी आणि हातातला रिमोट आला आहे.

बॅटरीपासून एकच जाड वायर डॅशमागच्या फ्यूज बॉक्सला न्यायची, तिथून विंचसकट सगळ्यांना प्लस द्यायचा आणि मायनस जवळच्या चॅसीला जोडायचा, असा विचार आहे. विंचला साधा चालू-बंद रॉकर (डोलणाऱ्या बटणाचा स्विच) चालेल का? कॉन्टॅक्टर पुढे लावू की मागे? किल्लीवरचा (किल्ली चालू असतानाच येणारा) प्लस १२ व्होल्टच्या सॉकेटमागून घेतला तर?

तारजोड:
विंच फ्यूज बॉक्समधून नको. रिकामा ड्रम फिरताना १०-२० अँपिअर लागतात, पण पूर्ण ताणावर या मापाची मोटर २०० च्या आसपास जाते. विंचचा प्लस आणि मायनस दोन्ही थेट बॅटरीच्या टोकांवर घ्या. चॅसीवर पावडर कोटिंग असतं, सांध्यांत माती शिरते. दिव्याला तो मायनस पुरेल, २०० अँपिअरला नाही.

कॉन्टॅक्टर बॅटरीजवळ लावा. मग बॅटरीची सतत जिवंत असलेली वायर हातभरच राहते, आणि पुढे जाणाऱ्या मोटरच्या दोन वायरी बटण सोडलं की मृत असतात. कुठे घासून सोलल्या तरी उभ्या गाडीत आग लागण्याचं कारण उरत नाही. पाणी साचणार नाही अशी उंच जागा बघा, टोकं खाली किंवा आडवी ठेवा.

वायरीच्या जाडीचा हिशोब जाऊन-येऊन लांबीवर करायचा. बॅटरी ते विंच अडीच मीटर म्हणजे एकूण ५ मीटर. १६ चौरस मिमीत २०० अँपिअरला १.१ ते १.२ व्होल्ट वाटेतच जातात, २५ मध्ये पाऊण. मिळालेली वायर चालेल, पण लांबी वाढवावी लागली तर जोड देऊ नका, २५ ची अखंड वायर घ्या. लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, वर गोंदवाली स्लीव्ह. सोल्डर नको: गरम झालं की मऊ पडतं, आणि सोल्डर संपतं तिथे कडक झालेली वायर हादऱ्यांनी तुटते.

स्विच मात्र साधा अजिबात नको. बोट उचललं की मधे परत येणारा, दोन्ही बाजूंना दाबायचा रॉकर घ्या. चालू-बंदवाला चालू राहिला आणि हूक फेअरलीडला (दोरी बाहेर येते त्या चौकटीला) टेकला, की मोटर अडकते. मग दोरी तुटते किंवा कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटतात. या रॉकरमधून विंचचा करंट जात नाही, फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा जातो. मधल्या पिनवर किल्लीचा प्लस, दोन बाजूंना कॉन्टॅक्टरच्या 'आत' आणि 'बाहेर' वायरी. वायरींच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असतात; कॉन्टॅक्टरवरचे ठसे वाचा.

रिले८७:
वरच्यात भर. संपर्क चिकटले तर किल्ली काढूनही विंच थांबत नाही, कारण मोटरचा मार्ग किल्लीतून जातच नाही. म्हणून बॅटरी आणि कॉन्टॅक्टरच्या मधल्या प्लसवर हाताने फिरवायचा आयसोलेटर (बॅटरी तोडणारा मुख्य स्विच) हवाच, आणि तो सीट न उचलता हाताला लागला पाहिजे.

आता बाकीचे स्विच. सॉकेटमागच्या वायरीवर लोड टाकू नका, तिच्याकडून फक्त इशारा घ्या. ४० अँपिअरचा साधा चार पिनांचा रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) घ्या: ८६ ला सॉकेटमागचा प्लस २ अँपिअर फ्यूजमधून, ८५ ला मायनस, ३० ला बॅटरीपासून ६ चौरस मिमी वायर, ८७ वरून फ्यूज बॉक्स. त्या वायरीवर ३० चा फ्यूज, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूजच्या अलीकडची वायर उघडी तोफ असते. रिलेऐवजी स्टार्टरचा सोलेनॉइड कुणी सुचवला तर नाही म्हणा. त्याची कॉइल काही सेकंदांपुरती असते, तासभर ओढून धरली की जळते.

बार साधारण ९ अँपिअर घेतो: २.५ चौरस मिमी, १५ चा फ्यूज. मागचे दिवे मिळून ३ सुद्धा नाहीत: १.५ ची वायर, ५ चा फ्यूज. हॉर्नला १०, विंचच्या रॉकरला ५. फ्यूज वायर वाचवायला असतो, दिवा वाचवायला नाही. उडाला म्हणून मोठा घालू नका. सगळ्यांचे मायनस डॅशमागे एका बसबारवर (सामाईक धातूच्या पट्टीवर) गोळा करून तिथून ६ ची एक वायर बॅटरीला. रॉकरमधल्या एलईडीला स्वतःचा मायनस लागतो, तो राहिला की स्विच चालतो पण उजळत नाही. मागच्या पिनांची रचना सगळीकडे सारखी नसते, जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा.

चिखलचाकं:
तारजोड, रिले८७, धन्यवाद. जोडणी झाली, दिवे-हॉर्न ठीक. दोरी बाहेर सुटते, पण आत घेताना नुसता 'टक्'. दोरीवर ताण काहीच नाही. रिमोटनेही तसंच.

तारजोड:
रिमोट आणि रॉकर दोन्हींनी तेच, म्हणजे स्विच निर्दोष. टक् येतो म्हणजे कॉइलही ओढते. बाहेर फिरते म्हणजे बॅटरी, जाड वायरी आणि मोटर ठीक. उरले कॉन्टॅक्टरमधले आतल्या बाजूचे संपर्क किंवा गिअर-ब्रेक. आयसोलेटर बंद करून कॉन्टॅक्टरवरच्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, हूक मोकळा ठेवा. 'बाहेर' दाबल्यावर ड्रम आत फिरला आणि 'आत' दाबल्यावर नुसता टक् आला, तर कॉन्टॅक्टर गेला. तरीही ड्रम आत फिरायला तयार नसेल तर विंच उघडावी लागेल.

चिखलचाकं:
'बाहेर' दाबल्यावर आत फिरला. 'आत' दाबलं की टक्. नवा कॉन्टॅक्टर एवढ्यात कसा जाईल?

रिले८७:
बहुतेक घट्ट करताना. खालचा नट दुसऱ्या पान्याने धरून वरचा आवळायचा असतो. तसं केलं नाही की अख्खा स्टड फिरतो आणि आतली तांब्याची पट्टी पिळवटते किंवा तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. आता बदलावाच लागेल. नवा बसवताना दोन पाने घ्या, ग्रीस आवळून झाल्यावर वरून लावा, लगच्या खाली नको. मोटरच्या वायरी मूळ जागी परत लावायला विसरू नका, नाहीतर बटणं उलटी चालतील आणि उतारावर ते भलत्या वेळी कळेल.

तारजोड:
आणि ओढताना इंजिन चालू ठेवा, थोडी रेस द्या. या गाड्यांचा स्टेटर (इंजिनवर वीज तयार करणारा भाग) विंचच्या पूर्ण भाराएवढी वीज देऊच शकत नाही, बाकीची बॅटरीतून येते. मिनिटभर ओढलं की थांबा, मोटरला हात लावून बघा. हात टिकत नसेल तर निवू द्या. दिव्यांचा बार त्या वेळी बंद.