डायल-अप मॉडेम आणि मॉडबस: कॅरिअर लागतो, पण पीएलसी बोलत नाही

जॅकवेल_24

नदीकाठच्या जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) पीएलसी, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, आहे (मॉडबस आरटीयू या यंत्रांच्या संवाद-पद्धतीतला स्लेव्ह, म्हणजे विचारलं तरच उत्तर देणारा, 9 पिनी आरएस-232 पोर्ट, 9600, 8 बिट, इव्हन पॅरिटी, 1 स्टॉप). जलशुद्धीकरण केंद्र 18 किलोमीटरवर आहे, तिथून स्काडा (देखरेखीचं सॉफ्टवेअर) फोन लावून विहिरीची पातळी, पंपांचे अँपिअर आणि व्हॉल्व्हची स्थिती वाचतो. जॅकवेल घळीत असल्याने मोबाइलची रेंज नाही, म्हणून लँडलाइन.

विजेच्या कडकडाटात जुने दोन्ही मॉडेम गेले. आता दोन्हीकडे यूएस रोबोटिक्सचे बाहेरून जोडायचे 56के मॉडेम आहेत. त्याच सुमारास जॅकवेलची तांब्याची लाइन काढून फायबर आलं, फोन आता फायबरच्या डब्याच्या मागच्या सॉकेटवर आहे.

अडचण अशी: कॉल लागतो, मॉडेम उचलतो, केंद्राकडे ‘कनेक्ट 31200’ दिसतं, म्हणजे कॅरिअर (दोन मॉडेमना जोडणारा सूर) लागतो. पुढे स्काडाला टाइमआउट. जॅकवेलच्या मॉडेमवर आरडी दिवा लुकलुकतो, एसडी कधीच लागत नाही. तिथेच लॅपटॉप थेट लावला की तीच केबल, तेच सेटिंग, सगळी रजिस्टरं (पीएलसीतले आकड्यांचे कप्पे) व्यवस्थित वाचली जातात. मॉडेम खराब म्हणावा का?

डीबी25

मॉडेम ठीक आहे. ‘तीच केबल’ हीच गडबड.

लॅपटॉप आणि पीएलसी दोन्ही डीटीई (डेटा वापरणारी टोकाची उपकरणं), त्यामुळे त्यांच्यामध्ये क्रॉस (नल मॉडेम) केबल लागते. मॉडेम डीसीई (लाइनशी जोडून देणारं उपकरण), त्याला सरळ केबल हवी. क्रॉस केबल लावली तर पीएलसीची पाठवायची तार मॉडेमच्या पाठवायच्या तारेवर जाऊन बसते. आरडी दिवा मॉडेमला फोनवरून आलेला डेटा दाखवतो, म्हणून तो लुकलुकणारच. एसडी बंद आहे याचा अर्थ पीएलसीकडून मॉडेमला काहीच पोचत नाही.

मॉडेमचं टोक 25 पिनी आहे, जोडणी अशी करा (आधी पीएलसीची 9 पिनी बाजू, मग मॉडेमची):

2 ला 3, 3 ला 2, 5 ला 7, 7 ला 4, 8 ला 5, 4 ला 20, 6 ला 6, 1 ला 8.

2-3 उलटे दिसतात म्हणून हिला क्रॉस समजू नका. 25 पिनीत पाठवायची पिन 2 आणि घ्यायची 3 असते, 9 पिनीत बरोबर उलट. ही सरळच केबल आहे.

मल्टिमीटरने खात्री करता येते. दोन्ही टोकं जोडलेली आणि लाइन शांत असताना 9 पिनी बाजूला 5 नंबरच्या सापेक्ष 2 आणि 3 दोन्हींवर उणे 5 ते उणे 12 व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. एकीवर उणे आणि दुसरीवर जवळपास शून्य आलं, तर दोन ट्रान्समीटर एकाच तारेवर आहेत आणि दुसरी तार अधांतरी आहे.

पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) काढा. स्टार्ट, 8 बिट, पॅरिटी, स्टॉप मिळून 11 बिटांचं अक्षर होतं आणि हे मॉडेम 10 बिटांच्या हिशोबाचे आहेत. पीएलसी आणि स्काडा दोन्हीकडे 8-एन-1 (8 बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप) करा. मॉडबसच्या नियमात पॅरिटी नसेल तर 2 स्टॉप बिट सांगितले आहेत, पण इथे ते लावलेत तर पुन्हा 11 होतील.

जॅकवेलच्या मॉडेमचे डिप स्विच: 1, 4, 8 ऑन, बाकी सगळे ऑफ. फॅक्टरीतून 3, 5, 8 ऑन येतात, तसे ठेवू नका. 1 ऑन म्हणजे डीटीआरकडे (पीएलसीच्या ‘मी तयार आहे’ या संकेताकडे) दुर्लक्ष. हे फार गरजेचं, कारण बरेच पीएलसी प्रोग्रॅम चढवताना किंवा मोड बदलताना डीटीआर सोडतात आणि मॉडेम त्याच क्षणी फोन ठेवतो. 3 ऑफ केला की ‘रिंग’, ‘कनेक्ट’ हे शब्द पीएलसीच्या पोर्टात शिरत नाहीत. 4 ऑन म्हणजे इको बंद. 5 ऑफ म्हणजे पहिल्या रिंगला उचलणं. 8 ऑन नसेल तर मॉडेम एटी कमांड (त्याला टाइप करून द्यायच्या सूचना) ऐकतच नाही.

केंद्राकडच्या मॉडेमला मात्र 3 ऑन आणि 5 ऑन हवेत, नाहीतर स्काडाला कॉल लागल्याचं कळणारच नाही.

जॅकवेल_24

केबल बदलली, 8-एन-1 केलं, स्विच सांगितल्याप्रमाणे लावले. आता एसडी लागतो. 2 रजिस्टरं मागितली की येतात, 20 मागितली की दहातून नऊ वेळा सीआरसी (संदेशाच्या शेवटची तपासणी-संख्या) एरर किंवा टाइमआउट. शिवाय तीन-चार मिनिटांनी कॉल तुटतो. तुटल्यावर केंद्राच्या मॉडेमला एटीआय6 (कॉलचा अहवाल देणारी कमांड) विचारलं: रीट्रेन (मॉडेमनी एकमेकांशी पुन्हा जुळवून घेणं) 4 वेळा, कारण ‘रीट्रेन जमलं नाही’.

तांब्याची_जोडी

हे दोन वेगळे रोग आहेत, एकच औषध दोघांना देऊ नका.

कॉल तुटणं हा फायबरचा परिणाम. तुमचा आवाज आता तारेतून सलग जात नाही. डबा त्याचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करून पाकिटात पाठवतो. माणसाच्या कानाला एक पाकीट हरवल्याचं कळतही नाही. मॉडेमच्या दृष्टीने 31200 वर तेवढ्यात 600 हून जास्त बिट गेले. त्याहून वाईट म्हणजे पाकिटं मागेपुढे यायला लागली की डब्यातला बफर आपली लांबी बदलतो, विलंब अचानक सरकतो. व्ही.32 पासून पुढची सगळी मानकं दोन्ही बाजूंचा आवाज एकाच पट्ट्यात ठेवतात आणि स्वतःचा प्रतिध्वनी वजा करून पलीकडचं ऐकतात. विलंब सरकला की ते गणित मोडतं, मॉडेम रीट्रेन मागतो, तीन-चारदा मागून फोन ठेवतो. तुमच्या एटीआय6 मध्ये हेच लिहिलंय.

व्ही.22बिस (2400) मध्ये दोन दिशांना वेगळे कॅरिअर आहेत, 1200 आणि 2400 हर्ट्झ. प्रतिध्वनी वजा करायची गरजच नाही. त्यामुळे तो अशा लाइनवर तग धरतो. 56के तर विसराच, दोन साध्या फोन लाइनींमध्ये ते कधीच मिळत नाही, कमाल 33.6.

आता 20 रजिस्टरांचं. मॉडबस आरटीयूत चौकट (एक पूर्ण संदेश) संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता. 9600 ला, 10 बिटांच्या अक्षराने, ती होते 3.65 मिलिसेकंद. तुमचा मॉडेम व्ही.42 (त्रुटी-दुरुस्ती) लावून बसलाय. तो अक्षरं गोळा करतो, स्वतःच्या गठ्ठ्यात बांधतो, चूक झाली तर गठ्ठा पुन्हा मागतो. दोन गठ्ठ्यांमध्ये 3.65 पेक्षा मोठी फट पडणारच. 2 रजिस्टरांचं उत्तर 9 बाइटचं, बहुधा एकाच गठ्ठ्यात बसतं. 20 रजिस्टरांचं 45 बाइटचं, मध्येच तुटतं, आणि स्काडाचा ड्रायव्हर अर्ध्या चौकटीचा सीआरसी तपासून एरर देतो.

म्हणून त्रुटी-दुरुस्ती बंद, कॉम्प्रेशन बंद, लिंक 2400 ला बांधलेली, आणि पीएलसीचा पोर्टसुद्धा 2400 वर. लोक लिंक 2400 करतात आणि पोर्ट 9600 ठेवतात. मग एका अक्षराला लिंकवर 4.17 मिलिसेकंद लागतात, पोर्टवर ते 1.04 मध्ये बाहेर पडतं, आणि प्रत्येक अक्षरामागे 3 मिलिसेकंदांची फट राहते. चौकटीच्या आत दीड अक्षराच्या वर फट चालत नाही असा नियम आहे आणि 9600 ला दीड अक्षर म्हणजे फक्त 1.56 मिलिसेकंद. कडक पीएलसी ती चौकट फेकून देतो. दोन्हीकडे 2400 केलं की फट उरत नाही, शिवाय साडेतीन अक्षरांची मुदत 14.6 मिलिसेकंद होते.

वेग कमी झाल्याची काळजी नको. विचारणा 8 बाइट, उत्तर 45, एकूण 53. गुणिले 10 म्हणजे 530 बिट, 2400 ला पाव सेकंदाच्या आत.

जॅकवेलच्या मॉडेमची ओळ (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन कॅपिटल टाका):

एटी &एफ0 &बी0 &एच0 &आय0 &आर1 &एम0 &के0 &एन3 &डी0 &सी1 एस2=255 ई0 क्यू1 &डब्ल्यू0

&एम0 त्रुटी-दुरुस्ती बंद करतं, &के0 कॉम्प्रेशन, &एन3 म्हणजे फक्त 2400. एस2=255 मुळे डेटात चुकून तीन अधिक चिन्हं आली तरी मॉडेम कमांड मोडमध्ये जात नाही. शेवटी क्यू1 असल्यामुळे ‘ओके’ दिसणार नाही, घाबरू नका.

ही ओळ टाकताना टर्मिनल 2400, 8-एन-1 वरच असू द्या. शेवटच्या एटी कमांडचा वेग आणि पॅरिटी मॉडेम लक्षात ठेवतो. टर्मिनल 9600 ला ठेवून सेटिंग केलं आणि नंतर 2400 च्या पीएलसीला लावलं, तर घोळ कुठे आहे ते शोधण्यात दिवस जातो. साठवलेलं काय आहे ते एटीआय5 दाखवतं.

केंद्राकडे &एम0 &के0 &एन3 तेच, पण ई आणि क्यूला हात लावू नका, आणि एक्स3 घाला. एक्स4 वर मॉडेम डायल टोनची वाट बघतो. आपला 400 हर्ट्झचा टोन, किंवा व्हॉइसमेल असल्यावर येणारा तुटक टोन, त्याला ओळखता आला नाही की ‘डायल टोन नाही’ म्हणून बसतो. ईपीएबीएक्समधून (ऑफिसच्या आतल्या एक्सचेंजमधून) लावत असाल तर शून्यानंतर दोन स्वल्पविराम, प्रत्येकाचे 2 सेकंद.

स्काडात रिस्पॉन्स टाइमआउट 1 सेकंदावरून 4 करा, पुन्हा विचारण्याची संख्या 3.

रजिस्टर40001

वरचं निदान मान्य, उपायावर थोडं वेगळं मत. हरवणाऱ्या पाकिटांच्या लाइनवर त्रुटी-दुरुस्ती काढून टाकणं मनाला पटत नाही. पीएलसीत मॉडबस अ‍ॅस्की असेल तर ते लावा आणि व्ही.42 चालू ठेवा. अ‍ॅस्कीत चौकट कोलनने सुरू होते आणि सीआर-एलएफने संपते. अक्षरांमध्ये सेकंदभर थांबलं तरी चालतं, त्यामुळे गठ्ठ्यांच्या फटींचा प्रश्नच मिटतो. आकार दुपटीने वाढतो: 17 अधिक 91, एकूण 108 अक्षरं. 2400 ला साधारण 0.45 सेकंद.

तांब्याची_जोडी

चालेल, पण अ‍ॅस्कीत तपासणी एलआरसीची, ती सीआरसीपेक्षा कच्ची. नुसतं वाचायचं असेल तर आरटीयूच बरं: चौकट खराब झाली तर सीआरसी पकडतो, स्काडा परत विचारतो, पाव सेकंद गेला. दुरून व्हॉल्व्ह उघडणं-बंद करणं असेल तर तुमचं म्हणणं विचारात घेण्यासारखं आहे.

डीबी25

फायबर लावणाऱ्यांकडून फोनच्या पोर्टवर इतकं मागून घ्या: कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) फक्त जी.711 ए-लॉ, शांतता-दाब (व्हीएडी) बंद, जिटर बफर (मागेपुढे येणारी पाकिटं थोपवणारा साठा) स्थिर. जी.729 असेल तर काहीही करा, मॉडेम चालणार नाही, कारण तो कोडेक बोलण्याच्या आवाजासाठी घडवलाय. टी.38 फक्त फॅक्ससाठी आहे, त्याने मॉडेमला काही फायदा नाही.

आणि वीज. तांब्याच्या लाइनला एक्सचेंजची 48 व्होल्ट बॅटरी होती, जॅकवेल अंधारात असलं तरी फोन चालायचा. फायबरच्या डब्याचं तसं नाही. वीज गेली, पंप ट्रिप झाला, तेव्हाच स्काडाला फोन लावायचा असतो आणि तेव्हाच डबा मेलेला असतो. बहुतेक डबे 12 व्होल्टचे असतात, साधारण 10 वॅट खातात. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवर बॅटरीवर चार-पाच तास निघतात. मॉडेमचं वेगळं बघा: काहींचा अ‍ॅडॉप्टर बाहेर एसी देतो, त्या जागी त्याच व्होल्टचा डीसी लावून उपयोग नाही.

रजिस्टर40001

अजून एक. हा नंबर ज्याला कळेल तो कुठूनही फोन करून थेट पीएलसीत शिरेल, मॉडबसला पासवर्ड नसतो. पीएलसीची किल्ली रनवर फिरवून काढून ठेवा. लिहिण्याची रजिस्टरं वेगळ्या टप्प्यात घ्या आणि प्रोग्रॅममध्ये त्यांना किमान-कमाल मर्यादा घाला. मॉडेमचा पुरवठा पीएलसीच्या एका रिलेच्या एनसी संपर्कातून (रिले ओढलेला नसताना जोडलेला राहणारा) घेतलात तर दोन कामं होतात: रोज पहाटे 10 सेकंद रिले ओढून अडकलेला मॉडेम आपोआप रीसेट करता येतो, आणि कॉल एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त चालू राहिला तर तोडता येतो. कॅरिअर लागला की नाही ते पीएलसीला डीसीडी पिनवरून कळतं, म्हणून 1 ला 8 ची तार वाचवू नका.

जॅकवेल_24

दोन्हीकडे 2400, &एम0 केलं. 20 रजिस्टरं येतात, अधूनमधून एखादा सीआरसी एरर, दुसऱ्या वेळेला वाचलं जातं. 40 मिनिटं कॉल धरून ठेवला, एटीआय6 मध्ये रीट्रेन शून्य. जी.711 साठी तक्रार नोंदवली आहे. रिलेचा संपर्क अ‍ॅडॉप्टरच्या 230 व्होल्टच्या बाजूला घ्यायचा की मॉडेमच्या बाजूला?

रजिस्टर40001

मॉडेमच्या बाजूला. पीएलसीच्या आउटपुट टर्मिनलवर 24 व्होल्टच्या शेजारी 230 आणू नका.