मदत हवी आहे : आबांचा संत्र्याचा चाकू – घासू की राहू देऊ?

महालकर

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागातलं आमचं जुनं घर रिकामं करून राहिलो आहोत. आबा म्हणजे आईचे वडील, बंगाल नागपूर रेल्वेत नोकरीला लागलेले. त्यांच्या लाकडी पेटीत दाढीच्या सामानाखाली हा घडीचा चाकू निघाला. मिटलेला साडेतीन इंच भरतो. दोन पाती आहेत. मोठं पावणेतीन इंचाचं आणि दुसरं करंगळीएवढं, ज्यानं आबा आम्हा पोरांच्या पेन्सिली तासून देत.

मोठं पातं संत्र्यांसाठी. नागपुरी संत्र्याला चाकू काहून लागते, असं कोणीही म्हणेल. साल अशीच सुटते. पण आबांची पद्धत होती. देठापासून चार चिरा, मग साल कमळासारखी उघडायची आणि पातं धोतराला पुसून मिटायचं. मिटताना जो ‘टक्’ आवाज यायचा तो मला अजून आठवतो. अजूनही तसाच येतो, म्हणून तर जीव अडकला.

आता खरं सांगतो, शिव्या घालू नका. सापडल्याबरोबर मी तो गल्लीत आलेल्या धारवाल्याला दिला. त्यानं लहान पातं थेट चाकावर धरलं. ठिणग्या उडाल्या, मी ओरडलो, तोवर टोक गेलं होतं. मोठं पातं वाचलं.

त्या पात्यावर काळे-निळसर डाग आहेत. बुडाशी भिंगातून एक चांदणी, एक फुलीसारखं चिन्ह, ‘जी’ आणि ‘आर’च्या मध्ये मुकुट, खाली रॉजर्स आणि शेफील्ड इंग्लंड एवढं वाचता येतं. मूठ तपकिरी, खडबडीत, शिंगासारखी. हा किती जुना असेल? डाग काढू का? एका भंगारवाल्यानं न मागता पाचशे देऊ केले, त्यावरून मला उलट शंका आली. आणि मावशी त्याला ‘रामपुरी’ म्हणून राहिली आहे, घरात ठेवायला काही भानगड तर नाही?

गंजलेला_खिळा

भाऊ, पॉलिश पेपर हातात असेल तर आधी खाली ठेवा.

ते डाग म्हणजे आबांची संत्री आहेत. पातं साध्या कार्बन पोलादाचं आहे. त्याला लिंबू-संत्र्याचं आम्ल लागलं की वर काळपट-निळा थर धरतो. तो थर पात्याला गंजापासून थोडंफार वाचवतो, आणि जमवणारे लोक तो असलेल्या चाकूलाच जास्त मानतात. चकचकीत करून आणलेला जुना चाकू म्हणजे रंग दिलेली वाड्याची चौकट.

वैरी आहे तो तांबूस गंज. पांढरं फडकं थेंबभर तेलात बुडवून घासा. तांबडी भुकटी आली तर तो गंज. तेवढाच भाग अगदी बारीक स्टील वूलनं, तेल लावून, हलक्या हातानं काढा. तेल शिलाई मशीनचं घ्या. खोबरेल किंवा गोडेतेल नको, ते महिन्यांनी चिकट होतं आणि सांध्यात धूळ धरून बसतं. चामडी म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली रसायनंही त्यात उरतात. आपल्याकडे जून लागला की दोन महिन्यांत पातं खाऊन टाकील. सुती कापड, वर्षातून दोनदा तेल, बस्स.

लहान पात्याचं टोक परत काढायच्या फंदात पडू नका. आणखी पोलाद जाईल.

शिक्के_वाचतो

चांदणी आणि माल्टीज क्रॉस (तुमची ती फुली) ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्सची खूण. त्यांच्यावर राजघराण्याची मेहेरनजर होती, म्हणून ते राजाची आद्याक्षरं मारत. व्हिक्टोरियाच्या काळात ‘व्ही आर’, १९०१ ते १९१० एडवर्डचं ‘ई आर’, मग पाचव्या जॉर्जपासून ‘जी आर’, ते सहावा जॉर्ज १९५२ साली जाईपर्यंत. जॉर्ज नावाचे राजे व्हिक्टोरियाच्या आधीही झाले, पण तुमच्यावर ‘इंग्लंड’ आहे. अमेरिकेनं १८९० च्या जकात कायद्यानं परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून हा शब्द सर्रास दिसतो. म्हणजे १९१० ते १९५२ मधला धरा. स्टेनलेस पोलाद शेफील्डातच १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीनं काढलं, तरी खिशातले चाकू नंतरही बरीच वर्षं साध्या पोलादाचेच येत होते. त्यामुळे डागांवरून याहून बारीक तारीख काढता येणार नाही.

एक मात्र बघा. रॉजर्सच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘जी’च्या आधी ‘डी’ आहे का? नाव इतकं चालायचं की नकला भरपूर निघाल्या.

सागवन

मुठीबद्दल सावध करतो. ती हाडाची असेल तर खाचा कोरलेल्या, एकसारख्या दिसतील, कडेला बारीक ठिपके. सांबरशिंग असेल तर सुरकुत्या झाडाच्या सालीसारख्या वेड्यावाकड्या, आणि कडेनं पाहिलं तर आतला गाभा स्पंजासारखा. तापलेली सुई टोचून वास घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कायमचं भोक पडतं.

शेफील्डवाले सांबरशिंग आपल्याच देशातून नेत. म्हणजे एखादं शिंग इथल्या रानातून समुद्रापार गेलं आणि मूठ होऊन परत आलं, असंही झालेलं असू शकतं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सांबर येतं, त्यामुळे शिंगाची वस्तू विकणं गुन्हा ठरू शकतो. वारसानं आलेली असली तरी मालकीचा कागद लागतो. त्या पाचशेवाल्याला सोडाच, ऑनलाइनही टाकू नका. सिव्हिल लाइन्सला वन भवनात, म्हणजे वनखात्याच्या कचेरीत, जाऊन विचारा.

रामपुरीचं म्हणाल तर मावशींना सांगा, याला खटका नाही, नखानं उघडावा लागतो. शस्त्र नियमांत परवाना लागतो तो साधारण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि घरगुती कामाच्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. तरी खिशात घालून सीताबर्डीच्या बाजारात फिरू नका. पोलिसांना चांदणी आणि क्रॉस कोण समजावणार?

महालकर

सगळ्यांचे आभार. चष्म्याच्या दुकानातून भिंग आणलं. ‘डी’ आहे!

मूठ कडेनं बघितली, आत स्पंजासारखंच दिसतंय. म्हणजे विकायचा विषय संपला, तसा तो नव्हताच. सोमवारी वन भवनात जातो. तिथं चाकू घेऊन जाऊ की फोटो चालतील?

तेल मात्र आज सकाळीच लावलं. आईनं पातं बघितलं, ‘पुसलंस काहून, वास गेला असंल’ म्हणाली.

गंजलेला_खिळा

आधी फोटो न्या भाऊ, दोन्ही बाजूंचे आणि शिक्क्याचा जवळून एक. आणि डिसेंबरात एक संत्रं चार चिरांनी कापा.