जुन्या घराच्या जोत्यावर मेटल डिटेक्टर : तीन शनिवार नुसते खिळेच का?

बर्क्सकर (पेनसिल्व्हेनिया) :

नमस्कार. माझ्या एका सहकाऱ्याची बर्क्स काउंटीत बारा एकर जमीन असून तिच्या कडेच्या झाडीत एका जुन्या शेतघराचे दगडी जोते शिल्लक आहे. हे घर आपल्या पणजोबांच्या काळात जळाले, असे तो सांगतो. त्याच्या लेखी परवानगीने गेले तीन शनिवार मी तेथे मेटल डिटेक्टर फिरवीत आहे. यंत्र मध्यम किमतीचे आणि ११ इंची कॉइलचे (जमिनीवरून फिरवायच्या तबकडीचे) आहे. लोखंड गाळण्याची सोय, म्हणजे लोखंडावर यंत्राने आवाज न करण्याची सोय, चालू ठेवूनही आजवर सुमारे दोनशे खिळे आणि कुऱ्हाडीचे एक पाते, एवढेच हाती लागले. त्या पात्याने तर चांदीच्या नाण्यासारखा उंच, स्वच्छ सूर दिला होता, त्यामुळे फूटभर खोल खणल्यानंतर झालेली निराशा मोठी होती. खिळे दोन प्रकारचे आहेत : काहींचा दांडा चौकोनी आहे, तर काहींचा गोल.

नाणे एकच मिळाले, १८८३ सालचा इंडियन हेड सेंट, म्हणजे एक सेंटचे जुने अमेरिकी नाणे. तो मी स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवला आणि भारतातून आलेल्या सासूबाईंनी देवघरातील ताम्हनाबरोबर त्यालाही चिंच लावून लख्ख करून दिले. त्यांना मी काही बोललो नाही.

माझ्या आधीच कोणीतरी ही जागा उपसून गेले आहे, की माझी पद्धत चुकते आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी_मेख (कनेक्टिकट) :

जागा चांगली आहे, पद्धत चुकते आहे. या छंदात मला बारा वर्षे झाली आणि पहिली दोन मी अगदी तुमच्यासारखीच वाया घालवली.

जळालेल्या घराचे लाकूड राखेत जाते, पण त्यातील प्रत्येक खिळा तेथेच पडून राहतो, म्हणून जोत्याच्या आत खिळ्यांचा थरच असतो. ११ इंची कॉइलखाली तेथे एका वेळी पाच-सहा खिळे येतात. त्यांच्याजवळ नाणे असले तरी यंत्राला त्या सर्वांचा एकत्रित प्रतिसाद मिळतो आणि त्यात नाण्याचा वाटा बुडून जातो. तुम्ही लोखंडाचा आवाज बंद केल्यामुळे यंत्र तेथे गप्प राहते आणि ती शांतता तुम्हाला रिकामी जमीन वाटते. गाळणी बंद करा, लोखंडाचा घरघराट कानावर पडू द्या आणि त्यातून मधेच येणारी बारीक टिकटिक ऐका. पाच-सहा इंची लहान कॉइल घ्या व ती जमिनीलगत, अगदी सावकाश फिरवा. यंत्राची खोलवरची पोच थोडी कमी होईल, पण दोन वस्तू वेगळ्या ओळखता येतील. एका शनिवारी दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढाच तुकडा पुरा झाला, तरी पुष्कळ आहे.

कुऱ्हाडीच्या पात्याने दिलेला चकवा सर्वांनाच बसतो. मोठे, सपाट किंवा गोल कड्यासारखे लोखंड पुष्कळदा उंच सूर देते. सिग्नल मिळाला की नव्वद अंशात वळून आडव्या दिशेनेही कॉइल फिरवावी. नाणे दोन्हीकडून जवळपास तोच सूर देते, तर लोखंडाचा सूर फाटतो किंवा सिग्नलची जागा सरकते. याउलट यंत्राच्या पडद्यावर मधले आकडे दाखवणारे सिग्नल तुम्ही सोडत असाल, तर सोडू नका. पाच सेंटचे नाणे, पितळी बटण, बारीक सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या जुन्या डब्याची ओढून काढायची कडी, हे सारे त्याच पट्ट्यात येते. तुमचे घर डब्यांचा जमाना येण्यापूर्वीच जळाले असल्याने तेथे कड्यांचा त्रास फारसा नसावा, ही मोठीच सवलत आहे.

आता तुमच्या खिळ्यांविषयी, कारण ते फेकून दिले नसतील तर त्यांच्यात घराचा दाखला आहे. चौकोनी दांड्याचा खिळा चारही बाजूंनी निमुळता असेल तर तो लोहाराच्या हातचा, साधारणपणे १८०० च्या आसपासचा किंवा त्याआधीचा समजावा. तो दोनच बाजूंनी निमुळता असेल तर लोखंडी पत्र्यातून यंत्राने कापलेला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला. गोल तारेचे खिळे १८९० च्या सुमारास सर्रास झाले. तेव्हा हे घर त्याआधीचे असून नंतर त्याची डागडुजी झाली, असे मानायला जागा आहे. कोणता खिळा कोठे मिळाला याचा साधा नकाशा काढलात, तर मूळ खोली कोणती आणि मागाहून जोडलेली पडवी कोणती, हेही कळू शकेल.

शोध मात्र जोत्याच्या बाहेर घ्या. माणसाच्या खिशातून वस्तू पडते ती तो वाकतो, बसतो किंवा कपडे झटकतो तेथे : मोठ्या झाडाच्या सावलीत, विहिरीपाशी, कपडे वाळत घालण्याच्या दोरीखाली, दारापासून रस्त्यापर्यंतच्या पायवाटेवर. रानातच लायलॅकचे झुडूप किंवा डॅफोडिलची ओळ दिसली, तर ती कोणीतरी दारात हौसेने लावलेली आहे, असे समजून तेथून दाराचा अंदाज बांधावा.

नाण्याबद्दल : ते सामान्य साल आहे, फार हळहळू नका. परंतु तांब्याच्या नाण्यावरील काळसर-हिरवा थर हीच त्याची कातडी असते आणि चिंचेतील आम्लाने ती गेली की परत येत नाही. शुद्ध पाण्यात भिजवून माती सुटेल तेवढी सोडवावी, घासू नये.

वाईकर :

मी अमेरिका पाहिलेली नाही, पण आमचा पडका वाडा आहे आणि वरील उत्तरातील जोत्याबाहेर शोधण्याची गोष्ट मला फार पटली. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेले बारीकसारीक सारे केरात जाते आणि केर उकिरड्यात जातो. वाड्यातील वस्तू हरवल्या त्या बळदात किंवा पेवात नव्हे, तर उकिरड्यात. तेव्हा तुमच्याकडील स्वयंपाकघराचे मागचे दार शोधा आणि तेथून केराची टोपली फेकता येईल एवढ्या अंतरावर पाहा.

माझ्या पुतण्याने असेच यंत्र मागवले, तेव्हा मात्र मी त्याला थांबवले. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे आणि जमिनीत दडलेली, मूळ कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. जमीन स्वतःची आहे म्हणून त्यातून सुटका होत नाही. त्याखेरीज गावात यंत्र घेऊन फिरणारा दिसला की ‘गुप्तधन’ हा शब्द दुसऱ्याच दिवशी पारावर पोहोचतो आणि कोणीतरी पायाळू माणसाची चौकशी करू लागतो. पुतण्याला वरच्या मातीत एक झिजलेली शिवराई मिळाली होती. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ एवढे वाचता येते, पण दुसऱ्या बाजूच्या ‘छत्रपति’मधील एक अक्षरही धड उरलेले नाही. चुलत्यांच्या सांगण्यावरून तीही आम्ही कळवली.

सफोककर (इंग्लंड) :

खणताना कोठे थांबावे, याविषयी थोडे लिहितो. आमच्याच परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ च्या नोव्हेंबरात एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधण्यासाठी त्याच्या ओळखीच्या गृहस्थांनी डिटेक्टर फिरवला आणि त्यांना सोन्या-चांदीची रोमन नाणी लागली. त्यांनी सगळे उपसून न काढता अधिकाऱ्यांना कळवले. त्यामुळेच पुरातत्त्वज्ञांना वस्तू जागच्या जागी पाहता आल्या आणि त्या एका लाकडी पेटीत कशा रचल्या होत्या, हेही सांगता आले. सुमारे १५,००० नाणी निघाली. हातोडाही सापडला आणि आज तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. घराच्या जोत्यावर असे काही मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे खरे. परंतु एकाच खड्ड्यात दोन-तीन जुन्या वस्तू एकत्र आल्या तर हात आवरावा, फोटो घ्यावा आणि जागा मोजून लिहून ठेवावी.

जुनी_मेख (कनेक्टिकट) :

सफोककरांना दुजोरा देऊन अमेरिकेपुरते दोन नियम जोडतो. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी पुरते, परंतु राष्ट्रीय उद्यानांत वापरण्याजोगा डिटेक्टर नुसता बाळगणेही गुन्हा ठरू शकते आणि संघराज्याच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ च्या कायद्याचे संरक्षण आहे. तुमच्या सहकाऱ्याच्या जमिनीची हद्द अशा जमिनीला लागून असेल, तर ती आधी नीट पाहून घ्या. जिवंत वायर किंवा वायूची नळी जवळ असण्याची शंका आली, तर खणण्यापूर्वी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या तारा-नळ्यांची जागा दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करावा.

बर्क्सकर (पेनसिल्व्हेनिया) :

सर्वांचे आभार. खिळे टाकले नव्हते. चौकोनी दांड्याचे सगळे दोनच बाजूंनी निमुळते निघाले आणि गोल खिळे जवळपास सारे उत्तरेकडच्या टोकाला मिळाले होते, तेव्हा तीच मागाहून जोडलेली पडवी असावी. वाईकरांच्या सांगण्याप्रमाणे या शनिवारी स्वयंपाकघराच्या अंदाजे दारापासून बारा पावलांवर उसनी आणलेली लहान कॉइल फिरवली. चार तासांत एवढासाच तुकडा झाला, पण खिळ्यांच्या घरघराटात एक मधला, तुटक सूर दोन्ही दिशांनी तसाच येत राहिला. चार इंचांवर बोटभर लांबीची हिरवी पडलेली पितळी पट्टी निघाली. तिला ओळीने दहा खाचा होत्या आणि त्यांतील चारांवर कागदासारख्या पातळ जिभल्या अजून टिकून होत्या. माउथ ऑर्गनच्या आतला हा भाग असल्याचे सहकाऱ्याच्या वडिलांनी पाहताक्षणी ओळखले. ती किती खोल मिळाली आणि जोत्याच्या कोपऱ्यापासूनचे अंतर वहीत लिहिले आहे, आणि पट्टी सासूबाईंचा मुक्काम संपेपर्यंत माझ्या कचेरीतील खणात राहील.