तालमीच्या मॅचला अख्खा वर्ग, शाळेच्या मॅचला मोजकी चार टाळकी

नागरिकशास्त्रवाली_बाई

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका हायस्कूलात मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. यंदा जूनमध्ये विद्यार्थी मंत्रिमंडळ माझ्या गळ्यात पडलं. आधीच्या बाई निवृत्त झाल्या, आणि 'नागरिकशास्त्र तुमचं, मग निवडणुका पण तुमच्याच' असा न्याय लागला.

आजवरची पद्धत अशी की नववीच्या वार्षिक परीक्षेत पहिला आला तो मुख्यमंत्री. शपथविधी, बॅज, फोटो झाले की संपलं. पुढं वर्षभर त्यानं पाहुण्यांना गुलाब द्यायचा आणि परिपाठाला सावधान-विश्राम म्हणायचं. स्वच्छतामंत्री ऑफिसातून खडू आणून देतो.

आता याच शाळेची दुसरी बाजू बघा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघाची, म्हणजे पेठेतल्या तालमीच्या (तरुण मंडळाच्या) फुटबॉल संघाची मॅच असली की मधल्या सुट्टीनंतर दहावीचे मागचे बाक रिकामे. वर्गणी कोण गोळा करणार, झेंडे कुठं शिवायचे, हलगीवाला किती घेतो, सगळं यांना तोंडपाठ. वर्ल्डकपला मेस्सी-नेमारची कटआउट उभी करायची तर बांबू-दोरीपासून सगळी जमवाजमव हीच करणार. आणि शाळेचा संघ खेळायला उतरला की बघायला राखीव खेळाडू, शिपाईमामा आणि मी.

मला यंदा खरी निवडणूक घ्यायची आहे. हेडसर म्हणतात, "बाई, पेठवार मतदान होईल. तालीम शाळेत शिरेल." भीती अगदीच खोटी नाही. कुणी असं केलंय का? काय सांभाळावं?

शिट्टीवाले_मास्तर

बाई, मी पीटी शिकवत आयुष्य काढलं, आता घरी बसून मॅच बघतो. पोरगं तालमीवर का जातंय? तिथं त्याला काम असतंय. बारकं असलं तरी पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडं, बॉलची पिशवी त्याच्याकडं. हरवली तर थोरली पोरं कान धरतात. शाळेत काय असतंय त्याच्याकडं? दप्तर.

मी क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली पोरांकडं दिली होती. कपाटातलं सामान लिहून घ्यायचं, बाहेर काढलेला बॉल संध्याकाळी परत यायला पाहिजे, फाटला तर कुणाच्या हातात फाटला ते वहीत. ऑफिसात लई बोलणी बसली मला. पण किल्ली असलेलं पोरगं शाळेच्या मॅचला दांडी मारत न्हाई, कारण बॉलच त्याच्याकडं! आणि ते आलं की त्याची चार दोस्तमंडळी आपोआप येतात.

निवडणूक घ्या की. पण निवडून आल्यावर हातात काय देणार, ते आधी ठरवा.

माजी_मुख्यमंत्री_दहावी_अ

मी तो गुलाबवाला. मार्कांवर झालो होतो. पदाचा फायदा एकच, गॅदरिंगला पहिल्या रांगेत खुर्ची.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. मी तेव्हा कॉलेजात होतो, मदतीला गेलो. वर्गावर्गात माणसं, कुणाला बीपीची गोळी पाहिजे, कुणाचं लहान बाळ, कुणाची म्हातारी दुसऱ्याच छावणीत. तिथं सगळं चालवत होता आमच्याच बॅचचा एक पठ्ठ्या, जो शाळेत कायम वर्गाबाहेर उभा असायचा. कुठल्या गल्लीतली माणसं कुठल्या वर्गात, औषध कुणाला, दूध किती, सगळं त्यानं फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं. आमच्या शाळेनं त्याला साधा मॉनिटर केला नव्हता. पेठवार मतदान झालं तर होऊ दे, निदान असली पोरं उभी तरी राहतील.

एका_दहावीतलीची_आई

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एक विचारू का? तालीम, हलगी, स्टेडियम... यात पोरी कुठं आहेत? माझी लेक फुटबॉल बघते, टीव्हीवर. स्टेडियमवर शिवीगाळ आणि दगड सुरू झाले की मीच तिला पाठवणार नाही. तालमीचं सगळं जसंच्या तसं शाळेत आणलंत, तर पोरींच्या वाट्याला पुन्हा ओवाळणीचं ताटच.

माझं म्हणणं, प्रत्येकाला दोन मतं द्या. एक मुलीला, एक मुलाला. आणि दहावीला मोकळं सोडा हो, बोर्डाचं वर्ष आहे. नववी काय कमी आहे?

नागरिकशास्त्रवाली_बाई

ताई, दोन मतांचं लगेच उचललं. तुमचं वाचून २६ जूनची शाहू जयंतीची फेरी आठवली. दसरा चौकात आमचं लेझीम पथक नववीतल्या एका मुलीनं सांभाळलं. पुढं चित्ररथ अडकलेला, मागून दुसरी शाळा रेटतेय, आणि ही शिट्टी वाजवून पोरींना जागच्या जागी खेळवतेय. मी नुसती पाण्याची पिशवी धरून उभी. ती उभी राहणार आहे निवडणुकीला. अभ्यासात मधली आहे, म्हणजे जुन्या पद्धतीत तिचा नंबर लागलाच नसता.

पेठेवर तोडगा असा काढला: लाल, पिवळा, हिरवा, निळा हे गट जनरल रजिस्टरच्या क्रमानं पाडले. त्यामुळं एकाच गल्लीतली पोरं चार गटांत विखुरली. मतदान मोबाइलवरच्या मतदानयंत्राच्या ॲपवर, बोटाला शाई, मतदान अधिकारी आठवीचे. दहावीला मत आहे, उमेदवारी नाही. यावरनं दहावी ब माझ्याशी बोलत नाही, बघू किती दिवस.

मास्तर, किल्लीचं हेडसरांना पटलं. पण गॅदरिंगच्या खर्चातला थोडा भाग मंत्रिमंडळाला द्या म्हटलं, तर "पैसे? पोरांच्या हातात?" म्हणून फाइलच मिटली.

शिट्टीवाले_मास्तर

हेडसरांशी भांडू नका. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय ठेवा आणि ठराव लिहून घ्या. रोकड तुमच्या कपाटात, खर्च पोरांनी ठरवायचा, पावतीवर अर्थमंत्र्याची आणि तुमची अशा दोन सह्या. हिशेब सूचनाफलकावर लावायचा, म्हणजे बोलायला जागा न्हाई.

पहिल्यांदा नुसता गॅदरिंगचा नाश्ता द्या त्यांच्याकडं. वडा कुठला आणायचा यावरनं चार दिवस भांडतील, तुम्ही मधी पडू नका. आणि त्या लेझीमवाल्या पोरीला सांगा, शाळेच्या पुढच्या मॅचला पथक घेऊन ये म्हणावं. हलगी मी देतो, घरात पडूनच हाय.