गूगलवर वर यायचंय? मग ब्लॉगवर आधी दर लिहा

गच्चीवाला:
पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. पावसाळा तोंडावर आला की एसईओवाल्यांचे, म्हणजे साइट गूगलवर वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे, फोन सुरू होतात. महिन्याला ठरावीक लेख, प्रत्येक लेख हजार शब्दांचा, कीवर्ड (गूगलवर शोधले जाणारे शब्द) त्यांचे, पैसे आमचे. आणि लेख कसले, तर 'आधुनिक बांधकामात वॉटरप्रूफिंगचे महत्त्व'! ज्याच्या बेडरूमच्या छताला ओल आलीय तो महत्त्व शोधत बसेल का? तो शोधतो 'टेरेस वॉटरप्रूफिंग स्क्वेअर फुटाला किती', 'ब्रिकबॅट कोबा की मेंब्रेन' (म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, की पाणी अडवणारा पातळ पडदा), 'काम करूनही परत का गळतं'. आमच्या धंद्यात याची सरळ उत्तरं लिहिणारे फार थोडे, आणि दर म्हटलं की सगळेच गप्प.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मार्कस शेरिडन यांचं उदाहरण घ्या. त्यांची कंपनी फायबरग्लासचे स्विमिंग पूल बसवायची आणि २००८च्या मंदीत बुडायच्या बेतात होती. २००९ पासून त्यांनी गिऱ्हाईक विचारतं त्याच प्रश्नांची उत्तरं ब्लॉगवर लिहायला घेतली. फायबरग्लास पूलला खर्च किती, हा त्यातलाच एक लेख. त्यात एक आकडा सांगून मोकळे झाले नाहीत. कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती आणि फरक कशाने पडतो ते सांगितलं. फायबरग्लासचे तोटेसुद्धा लिहिले. त्या एका लेखामुळे किमान १७ लाख डॉलरची विक्री झाली, असं त्यांनी २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच: दर लिहायची हिंमत असेल तर ब्लॉग काढा, नाहीतर पैसे वाचवा.

मेथीपराठा:
दादा, मी त्या फोन करणाऱ्या जमातीतलीच, म्हणून राहवलं नाही. शेरिडन यांनी लिहिलं तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर देणारं जवळपास कुणी नव्हतं. मोकळ्या मैदानात पहिला नंबर येतोच. आज तुमच्या 'स्क्वेअर फुटाला किती'वर कामं मिळवून देणारी मोठमोठी पोर्टलं आणि रंगांच्या कंपन्या बसल्यात. वर यायला दुसऱ्या साइटवरून आलेल्या लिंक लागतात; त्यांच्या साइटना शेकडो ठिकाणांहून लिंक आहेत, तुमच्या साइटला बहुधा तुमच्या मेहुण्याच्या फेसबुकवरून.

शिवाय डेव्हलपरने साइट बनवताना लावलेला 'नोइंडेक्स' टॅग तसाच राहिला असेल, तर तुम्ही दर लिहा नाहीतर कुंडली लिहा, गूगल ते पान दाखवणारच नाही. हे बघायला आमच्यासारखेच लागतात.

आणि 'महत्त्व'वाले लेख का निघतात सांगू? मालकाला दर विचारला की 'जागा बघून सांगतो'. फोटो मागितले की 'पाठवतो'. कुठलं काम फसलं आणि का, असं विचारलं की फोन कट. मग आमच्या पोरांनी महत्त्वाशिवाय लिहायचं काय?

जुना_कीबोर्ड:
मेथीताईंचा शेवटचा परिच्छेद शंभर टक्के मान्य. पण हजार शब्दांचं काय? आम्हाला आवडते अशी कुठलीही शब्दसंख्या नाही, हे गूगलने स्वतःच्या मार्गदर्शक पानावर लिहून ठेवलंय. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये लपवलेली कीवर्डची यादी) आम्ही क्रमवारीसाठी वापरत नाही, हे तर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. तरी एसईओवाल्यांच्या कोटेशनमध्ये ती ओळ अजून दिसते.

गूगलने क्रमवारी लावायची पद्धत बदलली ते २०११चं पांडा अपडेट आठवतंय का? कीवर्डवर बेतलेले उथळ लेख घाऊक भावात पाडणाऱ्या साइट तेव्हा धडाधड खाली गेल्या. डिसेंबर २०२२ मध्ये गूगलने लेख तपासण्याच्या निकषांत 'प्रत्यक्ष अनुभव' घातला. मार्च २०२४ मध्ये तर केवळ क्रमवारीसाठी ढिगाने पाडलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो की एआयने, सरळ स्पॅम ठरवला. गच्चीवाल्यांकडे नेमका अनुभवच आहे की. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या सांध्याला वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार, नीट मारला नाही की पाणी कुठून शिरतं, हे एजन्सीतला मुलगा कुठून सांगणार?

इचलकरंजीकर:
दर लिहायला लावणारे सगळे धंद्याबाहेरचे असतात असं वाटायचं, इथे तर धंद्यातलाच माणूस निघाला! माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय. दर जाहीर केला की शेजारचा त्याखाली दोन रुपयांनी कोटेशन देतो. लोखंडाचा भाव वर गेला की गिऱ्हाईक जुना स्क्रीनशॉट नाकासमोर धरतं. तुमच्यात तर जुना कोबा फोडायचा की वरूनच मेंब्रेन टाकायचं, यावरच खर्च कुठल्या कुठे जातो. गच्ची न बघता आकडा सांगणं म्हणजे नाडी न धरता औषध देणं. मी नाही लिहिणार.

हिंजवडी_फेज३:
तुम्ही सगळे जुनी लढाई लढताय. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल निकालांच्या वर एआयचा सारांश दाखवतं. तुम्ही उन्हातान्हात फिरून मिळवलेलं ज्ञान लिहायचं, त्यातल्या चार ओळी गूगल वरच दाखवणार आणि वाचणारा तुमच्या पानावर न येताच निघून जाणार. फुकटची हमाली कशाला?

शिवाय तुमचं गिऱ्हाईक कात्रज ते वाकड एवढ्यातलं. ते नकाशा आणि तिथले रिव्ह्यू बघून फोन लावतं. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल नीट भरा, काम झालं की सोसायटीच्या सेक्रेटरीकडून रिव्ह्यू घ्या. ब्लॉगची गरजच नाही.

गच्चीवाला:
इचलकरंजीकर, गच्ची बघितल्याशिवाय मीही कोटेशन देत नाही. पण जुना कोबा फोडायचा तर राडारोडा उचलण्याचा खर्च वेगळा, पावसाळी पाइपच्या तोंडाशी काम वाढलं तर किती, शेवटी पाणी भरून टेस्ट करणार की नाही, एवढं तर लिहिता येईल? शेजारचा दोन रुपये कमी सांगेल. सांगू दे. त्यातून नेमकं काय गाळलंय ते माझा लेख वाचलेल्या गिऱ्हाईकाला कळेल.

फेज३, नकाशाचा मुद्दा बरोबर, प्रोफाइल भरलंय. पण रिव्ह्यू बघून फोन करणारा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन कोटेशनं मांडून बसलेला सेक्रेटरी, यांची गरज वेगळी. त्या सेक्रेटरीला सभासदांसमोर ठेवायला कागद लागतो. चार ओळींच्या सारांशावर लाखाचं काम कोण मंजूर करेल?

मेथीपराठा:
बरं, लिहा. पण दर कुठल्या महिन्याचा आणि मटेरियल कुठलं धरलंय ते पहिल्याच परिच्छेदात टाका, म्हणजे स्क्रीनशॉटवाल्यांना उत्तर राहील. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलायची युक्ती करू नका, गूगल त्याबद्दलही टोकतं. आपली साइट गूगलवर कशी दिसते ते सांगणारं गूगलचं सर्च कन्सोल जोडून घ्या. लेख दिसतो पण क्लिक येत नाहीत असे प्रश्न त्यात सापडतील, पुढचे विषय तिथूनच काढा. लिंकबद्दल मात्र मी ऐकणार नाही, त्या मिळेपर्यंत तुमचा लेख पोर्टलांच्या खालीच राहणार.

जुना_कीबोर्ड:
'टेरेस वॉटरप्रूफिंग'वर राहील खाली. 'कोबा न फोडता मेंब्रेन टाकता येतं का'वर बघू कोण वर येतंय. आणि ताई, तो प्रश्न लोक इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करून विचारतात. ते तुमच्या कीवर्डच्या यादीत आहे का?