क्रोन्स: पोटातल्या पूच्या गाठीत नळी आहे, पुढे इंजेक्शन की ऑपरेशन?

नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय २४. आम्ही जिंतूर तालुक्यातले, उपचार छत्रपती संभाजीनगरला चालू आहेत.

आधीचं थोडक्यात सांगते. पोटदुखी, जुलाब, वजन उतरलेलं. आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय आतड्याच्या टीबीचा येतो, तसाच आला. गोळ्यांचा कोर्स झाला, फरक नाही. पुन्हा कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं आतड्याची तपासणी) आणि बायोप्सी केल्यावर क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणि जखमा करणारा आजार निघाला, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. स्टेरॉइडनं भूक लागली, घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

मग सोयाबीनच्या काढणीत उजवा पाय सरळ करताना जांघेत कळ येऊ लागली. पोती उचलून लचक भरली असेल असंच सगळे म्हणाले. ताप फारसा नव्हता, कारण स्टेरॉइडखाली ताप आणि दुखणं दोन्ही दबून राहतं. सीटी स्कॅनमध्ये आतड्याला आरपार भोक पडून कमरेच्या आतल्या स्नायूला लागून ५ सेंटीमीटरची पूची गाठ दिसली. क्रोन्सच्या पेशंटला पाय सरळ करताना असं दुखलं तर मालिश करत बसू नका, लगेच स्कॅन करा, एवढं कळकळीनं सांगते.

पू बाहेर काढायला बाहेरूनच बारीक पिगटेल (टोकाला वळलेली) नळी घातली, शिरेतून अँटिबायोटिक दिलं, स्टेरॉइड उतरवत आणलं. आता तो नळी-पिशवीसह घरी आहे. पू बराच कमी झाला, पण थांबत नाही. रंग पिवळसर तपकिरी, वास शौचासारखा. म्हणजे आतड्यातून त्या पोकळीत जाणारा रस्ता, फिस्टुला, अजून उघडा आहे, असं डॉक्टर म्हणाले. भावकीतले रोज येऊन नळी काढा म्हणतात. मी काढू देणार नाही, पू परत आत साचेल.

आता गॅस्ट्रोचे डॉक्टर म्हणतात, पू पूर्ण आटला की टीबीची तपासणी करून अडॅलिम्युमॅब (प्रतिकारशक्ती दाबून आतड्याची सूज उतरवणारं औषध) सुरू करू, दर दोन आठवड्यांनी एक इंजेक्शन. सर्जन म्हणतात, आधी वजन वाढू द्या, मग खराब भाग काढून आतडं जोडू. आत्ता घाईनं केलं तर पोटावर शौचाची पिशवी लावावी लागू शकते. स्कॅनमध्ये आतडं अरुंदही झालेलं दिसतंय, म्हणून माझं मन ऑपरेशनकडे झुकतंय. इंजेक्शननं तो अरुंदपणा जाईल असं वाटत नाही.

कुणाच्या घरी हे झालं आहे का? नुसत्या इंजेक्शनवर फिस्टुला बुजला का, की शेवटी ऑपरेशन करावंच लागलं? डॉक्टरांनी सध्या जेवण बंद करून फक्त डब्याच्या पावडरीचं पातळ दिलंय, तो दोन घोटांत कंटाळतो. तुम्ही कसं पाजलंत? नळी सलाइननं धुताना अडली तर तालुक्याला कुणाकडे जायचं? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसलं, काय खिशातून गेलं?

पुढच्या आठवड्यात दोन्ही डॉक्टरांना एकत्र भेटणार आहोत. त्यांना काय विचारायला हवं तेही सांगा, मी लिहून नेईन.